दोन नंबरचा अधिकारी

मी दोन नंबरचा अधिकारी.
हसू नका, हुद्दाच तसा आहे.
एक नंबर यादीत नाव शोधतो,
तीन नंबर यंत्र मोकळं करतो,
मधे मी, शाईची बाटली वाळूच्या वाटीत रोवून.
एरवी नगर भूमापनात असतो,
कुणाची भिंत कुठे संपते ते सांगायला.

मुंढव्याची मनपा शाळा, खोली चार.
भिंतीवर एकोणतीसचा पाढा,
त्याखाली रात्री बाकं जोडून झोपलो.
जाहीर प्रचार परवाच थांबलेला,
डासांना कुणी कळवलं नव्हतं.

पहाटे अभिरूप मतदान.
खोटी मतं टाकली, मोजली, पुसली.
घोटणकर मॅडमनी यंत्राचा पडदा
एकेका एजंटाच्या नाकासमोर धरला.
शून्य.
इतकं स्वच्छ शून्य
मी कुठल्याच सरकारी कागदावर पाहिलेलं नाही.

मग बोटं आली.
मी चेहरे बघत नाही.
केशवनगरच्या चाकावरचं बोट, नखात माती;
मेंदीनं भरलेलं, शाईला जागाच न ठेवणारं;
रात्रपाळीहून थेट आलेलं, गार पडलेलं.
एकाचं प्रेस मशीनमध्ये गेलेलं.
नियम म्हणतो, मग शेजारचं बोट घ्या.
तेही नसेल तर त्याच्या पुढचं.
डावा हात नसेल तर उजवा.
नियम माणसाच्या अंगात फार आतपर्यंत जातो.

लोकसभेला शेवकरी नावाचे आजोबा
पुठ्ठ्याच्या आडोशातून ओरडले होते,
"अहो, पंतप्रधानांचं बटण सापडत नाहीये!"
रांग हसली.
ते बटण कुठल्याच यंत्रावर नसतं, हे
रांगेतल्या किती जणांना ठाऊक होतं कोण जाणे.
आपण एक माणूस पाठवायचा. तिथे त्यानं
कुणासाठी तरी हात वर करायचा.
निम्म्याहून जास्त हात, की खुर्ची.
हात खाली आले, की खुर्चीही.
आणि मधल्या काळात हात कुणीकडे वळला
ते आपण पेपरात वाचायचं.

या वेळी महापालिका. अ, ब, क, ड.
एका प्रभागाचे चार नगरसेवक, माणशी चार मतं.
शेवंता ओव्हाळ आत गेल्या.
एक, दोन, तीन.
मग काहीच नाही. यंत्र गप्प, रांग चुळबुळते.
"मावशी, चौथं राहिलं."
"राहू द्या की."
"चारही झाल्याशिवाय बीप होत नाही.
कुणीच नको असेल, तर त्याचंही बटण आहे."
थोडा वेळ शांतता.
मग आडोशावरून अर्धा चेहरा वर आला:
"यातलं पाण्याचं कुठलं?"

एजंटांनी खिडकीबाहेर पाहिलं.
मॅडमनी रजिस्टरमध्ये.
एकोणतीस सक किती, ते मी भिंतीवर वाचलं.
आम्हाला उत्तर देता येत नाही, मनाई आहे.
मनाई नसती तरी
काय सांगितलं असतं?

बीप झाला.
कुठलं दाबलं ते त्या जाणोत.

साडेपाचला फाटक बंद.
रांगेत आहेत त्यांना चिठ्ठ्या,
त्याही शेपटाकडून, म्हणजे मागून कुणी घुसू नये.
सगळ्यात शेवटी उभा होता
बेकरीतला पोरगा, पिठानं पांढरा.
चिठ्ठी उलटसुलट करून बघत म्हणाला,
"काका, माझा नंबर एक?"
"तुझाच."

यंत्रं जमा करून घरी पोचलो, सव्वाअकरा.
नळाला हवा. बादलीत तळ.
शाई माझ्या उजव्या हातावर, ज्यानं लावली त्या.
घासली. जात नाही.
बायकोनं विचारलं, "तुमचं मत?"
टपाली. पाकीट फ्रिजवर,
तीन खुणा केलेलं,
उद्या दहाच्या आत पोचायला हवं.

चौथ्यापाशी पेन धरून बसलोय.
स्वयंपाकघरात नळ एकदा खाकरला.
आम्ही दोघंही बघत राहिलो.